हाँगकाँगमध्ये आईला 'यम चा'ला न्यायचंय, पूर्ण शाकाहारी आहे, काय करता येईल?

रानजाई
नमस्कार मंडळी. हाँगकाँगला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. डिसेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच येतायत साताऱ्याहून आणि मला त्यांना एका सकाळी यम चाला, म्हणजे इथल्या चहाघरात चहा आणि सोबतच्या छोट्या छोट्या पदार्थांसाठी, न्यायचंय. बाबांचा प्रश्न नाही, ते सगळं खातात. आई मात्र पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. म्हणून हा धागा. पण आधी मला नक्की काय दाखवायचंय ते लिहिते, नाहीतर सगळे म्हणतील इंडियन रेस्टॉरंटमध्ये ने आणि विषय संपव.

आमच्या समोरच्या दारात एक आजी-आजोबा राहतात, दोघं पंच्याहत्तरीच्या पुढचे. इथली मुलं म्हणतात तसं आम्हीही त्यांना पोपो आणि गुंगगुंगच म्हणतो. आम्ही नवीन होतो तेव्हा एका रविवारी पोपोंनी बेल वाजवली, माझ्या मुलाचा हात धरला आणि आम्हाला सरळ चहाघरात घेऊन गेल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी जातोच.

यम चा म्हणजे शब्दशः चहा पिणं. इथे घरात 'चला डिम सम खाऊ' असं कोणी म्हणत नाही (डिम सम म्हणजे चहाबरोबरचे हे छोटे पदार्थ), 'चला चहा प्यायला' म्हणतात, आणि आपला चहा नि यांचा चा एकाच मुळाचे. बसल्या बसल्या पहिला प्रश्न खाण्याचा नसतो, चहा कुठला हा असतो. गुंगगुंग कायम बो लेय घेतात, काळपट, मातीसारख्या वासाचा मुरवलेला चहा, त्यांच्या मते तेलकटावर तोच उतारा. पोपोंना त्यात शेवंतीची फुलं घातलेला गुक बो आवडतो. मला हेउंग पिन, म्हणजे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा. हलका हवा असेल तर साउ मेय. चहाचे पैसे माणशी वेगळे लागतात, तुम्ही प्या नाहीतर नका पिऊ.

मग पहिला गरम चहा प्यायचा नाही, त्यात वाट्या, कप, चमचे, चॉपस्टिक्स खळबळून ते पाणी मोठ्या भांड्यात टाकायचं. भांडी आधीच स्वच्छ असतात तरी पोपो हे करतातच, जेवायला बसल्यावर आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवतात ना, मला ते आठवतं. कोणी आपल्या कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटांनी हळूच टकटक करायचं, म्हणजे थँक्यू. त्याची गोष्ट अशी सांगतात की चीनचा चिएनलाँग बादशहा वेष बदलून फिरत असताना त्याने सोबतच्या लोकांना स्वतः चहा ओतला, आता उठून लोटांगण घालावं तर बिंग फुटणार, म्हणून त्यांनी बोटं वाकवून टेबलावरच नमस्कार केला. किटली रिकामी झाली तर हाका मारायच्या नाहीत, झाकण तिरकं करून ठेवायचं, कोणीतरी येऊन गरम पाणी भरून जातं.

आणि मग पदार्थांच्या बांबूच्या टोपल्या. एका वेळी दोनच. जुनी म्हणच आहे, यत जुंग लेउंग गिन, एक कप चहा आणि दोन पदार्थ. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी यादीवर बारा ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या होत्या, पोपोंनी काही न बोलता त्यातल्या दहा खोडल्या. खाल्लं की पुन्हा मागवायचं, मध्ये गप्पा, पेपर वाचणं, शेजारच्या टेबलावरच्या बाळाशी बोलणं. दोन-दोन तास. मला आईला हे दाखवायचंय, त्यात बसवायचंय. पण टोपल्यांत डुक्कर नाहीतर कोळंबी. काय करू?

नीलमोहर
किती छान लिहिलंयस गं. एक भाबडा प्रश्न, डिम सम आणि मोमो एकच ना? आमच्याकडे पुण्यात मेन्यूकार्डवर डिम सम लिहितात आणि येतात मोमोच.

कोकणकडा
@नीलमोहर, नाही. मोमो तिबेट-नेपाळकडचा आणि तो एक पदार्थ आहे. डिम सम हे सगळ्या गोतावळ्याचं नाव, आपण 'फराळ' म्हणतो त्यात चकली पण आली, लाडू पण आला, तसं. हार गाव म्हणजे पारदर्शक पारीतली कोळंबी, सिउ माय म्हणजे वरून उघडी पिवळी पुरचुंडी, चा सिउ बाउ म्हणजे भाजलेल्या पोर्कचा पाव, लो माय गाय म्हणजे कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, शिवाय तळलेलं, बेक केलेलं, गोड, सगळं त्यात. डिम सम या शब्दाचा अर्थ काळजाला हलकेच स्पर्श करणारं असा सांगतात. हे सगळं कँटनचं, म्हणजे आजच्या ग्वांगचौचं आणि आसपासच्या मुलखाचं.

@रानजाई ताई, मी अकरा वर्षं कौलूनला होतो आणि बायको शाकाहारी, त्यामुळे या परीक्षेला आम्ही बसलोय. आधी धोके सांगतो.

मुळ्याचा केक, लो बाक गो, नावावरून शाकाहारी वाटतो. बहुतेक ठिकाणी त्यात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेजचे तुकडे असतात. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस ओततात, तो नको असेल तर 'जाउ हो-याउ' म्हणायचं, म्हणजे तो वगळा. पेस्ट्रीचे जे पदर सुटतात त्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, दान तात म्हणजे अंड्याचा टार्ट तर तुमच्या आईंना तसाही चालणार नाही. माय लाय गो नावाचा उकडलेला स्पंजी केक दिसायला साधा, पण त्यातही अंडी.

आता उपाय. 'व्हेजिटेरियन' शब्द वापरू नका, त्याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो. 'जाय' म्हणा. सिक जाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खाणं. हा शब्द वयस्कर वेटरला बरोबर कळतो, मांस नाही, मासा नाही, सॉसमध्येसुद्धा नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चिनी बौद्धांत पाच उग्र गोष्टी वर्ज्य, त्यात कांदा-लसणाच्या जातीचे प्रकार आहेत आणि जुन्या यादीत चक्क हिंग आहे, त्याचा चिनी शब्दही आपल्या संस्कृत हिंगूवरूनच गेलेला.

जागा म्हणाल तर डायमंड हिलला नान लिएन गार्डनमध्ये ची लिन भिक्षुणी मठाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, धबधब्याच्या मागे. मठ १९३४ चा, आजचं लाकडी बांधकाम १९९० च्या दशकातलं, थांग राजवटीच्या काळातल्या पद्धतीने लोखंडी खिळे न वापरता उभं केलेलं. तेही आई-बाबांना दाखवा. दुसरं, सेंट्रलजवळ हाँगकाँग पार्कमध्ये लॉकचा टी हाउस, तिथे चहा फार उत्तम आणि डिम सम शाकाहारी. लांताऊ बेटावर मोठ्या बुद्धमूर्तीकडे गेलात तर पो लिन मठातही शाकाहारी जेवण मिळतं.

रानजाई
@कोकणकडा, बापरे, खजिनाच दिलात. पण मनात एक सल आहे. मला आईला आमच्या नेहमीच्या ठिकाणी, पोपोंच्या टेबलावर न्यायचं होतं. तिथे साधं च्योंग फन आणि पालेभाजी सांगता येईल ना?

मंद्रसप्तक
थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नेहमीच्या चहाघरात टोपल्या एकावर एक रचून वाफवतात. खालच्या टोपलीत पोर्क, वरच्या टोपलीत तुमच्या आईंचं, आणि वाफ सगळ्यांतून एकच जाते. तळणाचं तेलही एकच. तुम्हाला चालेल, मला चालेल, पण ज्या बाईंनी आयुष्यभर पाळलं त्यांना हे न सांगता खाऊ घालणं बरोबर नाही. माझ्या आईला एका लग्नात असंच कोणीतरी 'काही नसतं त्यात' म्हणून वाढलं होतं, ती दोन दिवस जेवली नाही. एक तर आईंना आधी सगळं सांगा नाहीतर शाकाहारी ठिकाणीच न्या.

सांजवेळ
मंद्रसप्तक यांच्याशी सहमत, पण पूर्ण नाही. आई नुसता चहा घेऊन बसल्या तरी काय बिघडलं? माझ्या सासूबाई व्हँकुव्हरला आमच्याबरोबर यायच्या, तासभर नुसता मोगऱ्याचा चहा प्यायच्या आणि नातवंडांना खाताना बघायच्या. त्यांना ते आवडायचं. त्यांना तिथल्या ट्रॉल्या फार आवडायच्या, वाफाळत्या टोपल्या घेऊन बायका टेबलांमधून फिरायच्या, पदार्थाचं नाव पुकारत. सासूबाई म्हणायच्या भाजीवाली दारावर यायची तसं वाटतं. आपण हात केला की टोपली ठेवायची आणि टेबलावरच्या कार्डावर शिक्का मारायचा, छोटा, मध्यम, मोठा, स्पेशल. शेवटी शिक्के मोजून बिल. आता बऱ्याच ठिकाणी कागदावर खुणा करा नाहीतर फोनवर.

रानजाई
@मंद्रसप्तक, राग कसला, बरं झालं लिहिलंत. टोपल्यांच्या उतरंडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला न सांगता काही देणार नाही.

हडपसरकर
मी दरवर्षी कँटन फेअरला ग्वांगचौला जातो, मशिनरीच्या कामासाठी. १९५७ पासून चाललेली जत्रा आहे ती, वसंतात एकदा आणि शरदात एकदा. तिथले सप्लायर मला सकाळी 'जोउ चा'ला नेतात, म्हणजे सकाळचा चहा, आणि खरं काम तिथेच होतं. ऑफिसात भाव ठरत नाही तो किटली दुसऱ्यांदा भरल्यावर ठरतो. तिकडे 'तान चा' असाही शब्द आहे, चहा निवांत उपभोगणं.

या चहाघरांचा इतिहास मोठा आहे. ग्वांगचौचं ताओ ताओ जू १८८० चं. लिन हेउंग १८८९ ला ग्वांगचौलाच सुरू झालं आणि पुढे हाँगकाँगला आलं, वेलिंग्टन स्ट्रीटवर. ते २०२२ ला बंद पडलं तेव्हा मला घरचं कोणी गेल्यासारखं वाईट वाटलं होतं, २०२४ ला पुन्हा उघडलं. हाँगकाँगचंच लुक यू १९३३ चं, नाव ठेवलंय थांग काळातल्या लू यू वरून, ज्याने चहावरचा पहिला ग्रंथ लिहिला. पूर्वी म्हातारी माणसं आपापल्या पक्ष्यांचे पिंजरे घेऊन चहाघरात यायची, पिंजरा वर टांगायचा आणि खाली पेपर वाचत बसायचं.

बाबांसाठी एक सांगतो, त्यांना फुंग जाउ जरूर द्या. कोंबडीचे पाय, नाव मात्र फीनिक्सचे पंजे. आधी तळतात, मग पाण्यात भिजवून फुगवतात, मग शिजवून काळ्या आंबवलेल्या सोयाबीनबरोबर वाफवतात. सातारचा माणूस पाया खातो, त्यांना ते लगेच कळेल.

ताकभात
मी कधी हाँगकाँगला गेले नाहीये पण मला लिहायचंच आहे. दरवर्षी गणपतीत आमच्याकडे एकवीस मोदक मी करते आणि कळ्यांचं मला वेड आहे, म्हणून हार गाव कसं करतात याचा मी मागे लागून अभ्यास केला. त्याला कळ्या किमान सात हव्यात म्हणतात, चांगल्या कारागिराच्या दहाच्या वर जातात, आणि सगळ्या एकाच बाजूला, मोदकासारख्या गोलाकार नाहीत.

पण खरी गंमत पिठात आहे. ती पारदर्शक पारी ज्या पिठाची असते ते म्हणजे गव्हातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरणारं सत्त्व. बायांनो, तो आपला कुरडईचा चीक! आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, चोथा काढतो, खाली निवळतो तो चीक. त्यांच्याकडे तोच वाळवून पिठी करतात, थोडा टॅपिओका स्टार्च मिसळतात आणि उकळत्या पाण्याने उकड काढतात, तांदळाच्या पिठीची काढतो तशीच. चीक शिजला की पांढऱ्याचा काचेसारखा होतो ना, उन्हाळ्यात आजी गरम चीक दूध-साखर घालून वाटीत द्यायची, तोच काचेरी रंग हार गावला येतो. चिकटपणा नाही म्हणून ती पारी लाटता येत नाही, फाटते. ते लोक रुंद सुरीच्या पात्याला तेल लावून गोळी दाबून फिरवतात की चकती तयार.

आणि बांबूची टोपलीच का, तर झाकण वाफ पिऊन घेतं, पाणी पदार्थावर ठिबकत नाही. मोदकपात्राच्या झाकणाला मी पंचा बांधते तो याचसाठी.

नीलमोहर
ताकभात, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजीच्या अंगणातल्या कुरडया आठवल्या. मग च्योंग फन म्हणजे काय?

ताकभात
तांदळाचं पातळ पीठ कापडावर किंवा ताटलीत पसरून वाफवतात आणि गुंडाळतात. आपल्या सालपापड्या उन्हात जाण्याआधी ओल्या असतात तशा, आणि गुंडाळी सुरळीच्या वडीसारखी. वरून गोडसर सोया सॉस. लो बाक गो तर अळूवडीचाच मार्ग आहे, आधी उकडा, मग कापा, मग परता.

कोकणकडा
@ताकभात, अकरा वर्षं खाल्लं पण हे डोक्यात आलं नाही. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मला तर पहिल्या घासालाच ओळखीचं वाटलं होतं, तू विचारलंच नाहीस.

रानजाई ताई, अजून एक राहिलं. बऱ्याच बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी जाय पाळतात, चो यात आणि साप ङ, म्हणजे प्रतिपदा आणि पौर्णिमेच्या आसपास. आपल्या एकादशी-चतुर्थीसारखं. तुमच्या पोपोंना एकदा विचारून बघा.

रानजाई
मंडळी, विचारलं. चार वर्षं शेजारी राहतेय आणि मला माहीत नव्हतं. पोपो दोन्ही दिवस जाय पाळतात, त्यांच्या आईपासून चालत आलंय. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू कधी विचारलं नाहीस. मी आईबद्दल सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, डिसेंबरातला त्यांचा 'जाय'चा दिवस शोधला, त्याच्यावर लाल पेनने गोल केला आणि म्हणाल्या त्या दिवशी मी घेऊन जाणार, माझं नेहमीचं ठिकाण आहे.

मंद्रसप्तक
हे फार छान झालं. आईंना बोटांची टकटक आधीच शिकवून ठेवा. आणि चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका म्हणावं, ते मृतांपुढच्या उदबत्त्यांसारखं दिसतं. टेबलावर दोन रंगांच्या चॉपस्टिक्स असतील तर एक जोडी वाढून घ्यायची आणि एक खायची, २००३ च्या सार्सच्या साथीनंतर हे जास्त पाळायला लागले.

सांजवेळ
आणि बिलाचं बघा हं. 'माय दान' म्हणून बिल मागवतात, आणि मग ते कोणी द्यायचं यावर जी ओढाताण चालते ती आपल्या घरच्यासारखीच. वयाने मोठे असतील तर ते देऊच देणार नाहीत. बाबा हातघाईवर येतील, तयारी ठेवा.

रानजाई
उशिरा लिहितेय, आई-बाबा परवाच परत गेले. जाऊन आलो, सविस्तर लिहिते.

सकाळी आठलाच निघालो. साधं चहाघर, गोल टेबलं, निम्म्याहून जास्त पोपोंच्या वयाच्या बायका, आणि त्या दिवशी सगळ्यांचाच 'जाय'चा दिवस म्हणून पाय ठेवायला जागा नाही. अर्धा तास उभं राहून टेबल मिळालं, तेही दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर वाटून. आई आधी जरा अवघडली, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तिने साताऱ्याहून शेंगदाण्याची चटणी आणली होती डबीत, मी म्हटलं आई यात लसूण आहे, इथे लसूण चालत नाही. तिचा विश्वासच बसेना की चीनमध्ये कोणी लसूण पाळतं. हिंगाचं सांगितलं तर म्हणाली अगं मग फोडणी कशाची करतात? डबी मात्र लगेच पर्समध्ये खोल ठेवून दिली.

पोपोंनी आईसाठी गुक बो मागवला आणि स्वतः तिच्या वाट्या धुतल्या. आई उठायलाच लागली, वयाने मोठ्या बाईने माझी भांडी धुवायची म्हणजे काय. मी तिला धरून बसवलं. मग पोपोंनी चहा ओतला आणि आईने दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. मी शिकवलं होतं तरी तिने ते इतकं सहज केलं की गुंगगुंग मोठ्याने हसले आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली.

आधी शिटाके मशरूम घातलेलं लो बाक गो आलं आणि सोयाबीनच्या दुधावरच्या सायीची गुंडाळी, फु पेय ग्युन, ती बाबांना इतकी आवडली की पोर्कची आठवणसुद्धा निघाली नाही. मग एक टोपली आली, त्यात त्याच काचेरी पारीचे, आत गाजर, मशरूम आणि सुरणासारखं काहीतरी कुरकुरीत असलेले फन ग्वो. मी मुद्दाम आईला काहीच सांगितलं नव्हतं. तिने चॉपस्टिक बाजूला ठेवून बोटाने पारी दाबून बघितली, उजेडाकडे धरली, खाल्ली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'चीक आहे हा.' ताकभात, तिथे मला तुमची इतकी आठवण आली म्हणून सांगू. फोनवर तुमचा प्रतिसाद काढून तिला वाचून दाखवला. तिला पोपोंना हे सांगायचंच होतं, पण चीक शब्दाला मी काय भाषांतर करणार, शेवटी आईने हातवारे करून गहू भिजवणं, वाटणं, निवळणं सगळं करून दाखवलं आणि पोपो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, त्यांनी लहानपणी घरी बघितलंय म्हणाल्या.

बिल गुंगगुंगांनी चहा ओतण्याच्या निमित्ताने उठून केव्हाच देऊन टाकलं होतं. बाबांना फार लागलं ते. निघताना मी म-गोय, म्हणजे थँक्यू, म्हणायला लागले तर पोपोंनी थांबवलं, पाणी भरणाऱ्याला म-गोय, जेवू घालणाऱ्याला दो जे. आईने ते दोन-तीनदा घोकलं आणि लिफ्टमधून उतरताना त्यांना दो जे म्हणाली.

मग आईने ठरवलं की परतफेड केल्याशिवाय ती विमानात बसणार नाही. इंडियन स्टोअरमधून तांदळाची पिठी, गूळ, नारळ आणला आणि मंगळवारी दुपारी पोपोंना आमच्या ओट्यापाशी उभं केलं. पोपोंनी हातावर पारी घेतली आणि सवयीने सगळ्या कळ्या एकाच बाजूला घातल्या. आईने ती मोडू दिली नाही, तसाच सारण भरून बंद केला आणि बाकीच्यांबरोबर वाफवायला ठेवला. आमच्याकडे मोदकपात्र नाहीये, पोपोंनी त्यांच्या घरून बांबूची टोपली आणली. पंचा बांधावा लागला नाही.

ताकभात
त्या एका मोदकाचा फोटो असेल तर टाक ना गं.

रानजाई
नाही काढला. गुंगगुंगांनी टोपली उघडल्या उघडल्या तोच उचलला.